प्रत्येक कामाला महागडं एआय मॉडेल कशाला? कामांची वाटणी अशी करा

एआयचं बिल फुगलं की बरेच जण सगळी कामं एकदम स्वस्त मॉडेलवर ढकलतात. तक्रारी सुरू झाल्या की परत महागड्याकडे. खरं तर दोन्ही मॉडेल हाताशी ठेवून कामं वाटून दिली तर बरंच वाचतं, कारण दरांतली दरी मोठी आहे. मार्च २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं क्लॉड ३ मालिका आणली तेव्हा दहा लाख इनपुट टोकनांना (टोकन म्हणजे मॉडेल मजकुराचे करतं ते छोटे तुकडे; आपण पाठवतो ते इनपुट, मॉडेल लिहितं ते आउटपुट) मालिकेतल्या सर्वांत मोठ्या ओपस मॉडेलचा दर १५ डॉलर होता आणि सर्वांत लहान हायकूचा पाव डॉलर. म्हणजे साठपट फरक! दर सतत बदलतात, त्यामुळे ताजे आकडे कंपनीच्या पानावरच बघा.

१. आधी बिल फोडून बघा

आठवडाभर प्रत्येक कॉलची, म्हणजे मॉडेलला पाठवलेल्या विनंतीची, नोंद ठेवा: काम कोणतं, मॉडेल कोणतं, इनपुट आणि आउटपुट टोकन किती. बहुतेक वेळा दोन-तीन प्रकारची कामंच निम्म्याहून जास्त बिल खात असतात. सुरुवात तिथूनच करायची.

आउटपुटकडे विशेष लक्ष द्या. वर दिलेल्या ओपसचाच आउटपुटचा दर ७५ डॉलर होता, म्हणजे इनपुटच्या पाचपट. 'विचार करणारी' मॉडेलं उत्तराआधी जे टोकन खर्च करतात, तेही साधारणपणे आउटपुटच्याच दरानं लागतात. त्यामुळे दर कमी असलेलं मॉडेल लांबलचक विचार करत बसलं, तर शेवटी तेच महाग पडू शकतं. म्हणून हिशोब टोकनामागे न करता पूर्ण झालेल्या कामामागे करा. मजकूर मराठी असेल तर तेवढ्याच आशयाला इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन लागतात, आणि हे प्रमाण मॉडेलागणिक वेगळं असतं.

२. काम अवघड आहे का, हे विचारू नका

'सोपं काम स्वस्ताला, अवघड महागाला' हा नियम ऐकायला बरा वाटतो, पण फसवतो. त्याऐवजी विचारा: उत्तर चुकलं तर ते कोणाच्या, किती लवकर लक्षात येईल? कोड लिहायला अवघड असेल, पण त्याच्या चाचण्या तयार असतील तर चूक लगेच पकडली जाते. तिथे स्वस्त मॉडेलला संधी द्यायला हरकत नाही. उलट करारनाम्याचा सारांश दिसायला सोपा. त्यातून एक अट गळली तर कोणालाच पत्ता लागत नाही. असं काम मोठ्या मॉडेलकडेच राहू द्या, वर माणसाची नजरही हवी.

ईमेलची वर्गवारी, पावतीतून तारीख आणि रक्कम काढणं, मजकूर ठरलेल्या साच्यात बसवणं ही कामं डोळे झाकून नाही, पण निर्धास्तपणे लहान मॉडेलकडे पाठवता येतात. मोठं काम असेल तर आराखडा मोठ्या मॉडेलकडून करून घ्या आणि त्यातले सुटे तुकडे लहानाला द्या.

३. स्वतःचे नमुने जमवा

प्रत्येक प्रकारच्या कामाचे पन्नास-शंभर खरे नमुने काढा. अर्धवट वाक्यं, चुकीचं स्पेलिंग, दोन भाषांची सरमिसळ असलेले नमुने मुद्दाम घ्या. दोन्ही मॉडेलांची उत्तरं नावं झाकून तपासा. महागड्याचं नाव दिसलं की आपण नकळत झुकतं माप देतो. जगभरातल्या क्रमवारीतलं पहिलं मॉडेल तुमच्या पावत्यांवरही पहिलं येईल, असं नाही.

४. साध्या नियमांनी सुरुवात करा

कोणती विनंती कुठे पाठवायची हे ठरवायला लगेच तिसरं मॉडेल नेमू नका. विनंती कोणत्या बटणावरून आली हे प्रोग्रॅमला ठाऊक असतंच. 'वर्गवारी' आली की लहान, 'करार' आला की मोठं. एवढ्यावर बरंच भागतं.

५. मग पायऱ्या लावा

आधी स्वस्त मॉडेलला विचारायचं आणि उत्तर तपासणीत नापास झालं तरच महागड्याकडे जायचं. ही कल्पना स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये 'फ्रुगलजीपीटी' या शोधनिबंधात तपशीलवार मांडली होती. गणित सोपं आहे. महागड्या कॉलचा खर्च १०० आणि स्वस्ताचा १० धरा. दर दहातली तीन कामं वर गेली तर सरासरी खर्च १० अधिक ३०, म्हणजे ४०. दहातली नऊ वर जाऊ लागली की १०० च होतात, आणि वाट बघण्याचा वेळ फुकट जातो.

सगळी मदार तपासणीवर. साचा बरोबर आहे का, बेरीज जुळते का, उल्लेखलेलं वाक्य मूळ मजकुरात सापडतं का, हे कोडनं तपासा. 'तुला किती खात्री आहे?' असं मॉडेललाच विचारून भागत नाही. चुकलेलं उत्तरही ते ठामपणे देतं. पास झालेल्या उत्तरांतली काही अधूनमधून माणसानं वाचावीत.

६. कॅशे सांभाळा

कॅशे म्हणजे मॉडेलनं आधी वाचलेल्या मजकुराची साठवण; ती पुन्हा वापरली की दर कमी लागतो. एकाच संभाषणात मधेच मॉडेल बदललं तर आधीच्या मजकुराचा कॅशे नव्या मॉडेलला वापरता येत नाही आणि सगळा इतिहास पूर्ण दरानं पुन्हा मोजला जातो. लांब संभाषणात यामुळे वाटणीचा फायदाच नाहीसा होऊ शकतो. मॉडेल संभाषणाच्या सुरुवातीलाच ठरवा, किंवा मोठ्याकडे पाठवताना फक्त लागणारा भाग द्या. घाई नसलेली कामं एकगठ्ठा पाठवली तर ओपनएआय आणि अँथ्रॉपिक दोघंही निम्मा दर लावतात. हा मार्ग वाटणीपेक्षाही सोपा आहे, पण अनेकांच्या लक्षातच येत नाही.

मॉडेलची नवी आवृत्ती आली की तिसऱ्या मुद्द्यातले नमुने पुन्हा चालवा. काल मोठ्याकडे ठेवलेलं काम आज लहान मॉडेलला जमत असेल.