घटस्थापनेआधी हातात हवं ते सगळं: घरगुती फराळवाल्यांसाठी

दिवाळीच्या ऑर्डरी हव्या असतील तर पत्रकाचं काम घटस्थापनेआधी उरकलेलं हवं. दसऱ्यानंतरही प्रेसवाला काम घेतो, पण कधी देईल ते सांगत नाही. मी बेळगावच्या शहापुरात सहा वर्षं फराळ करते. मोबाईलवर रोज स्टेटस टाकते, पण ते बघणारे आधीपासूनचेच गिऱ्हाईक. नवीन माणसं मला कागदानं, चवीनं आणि शेजारणीच्या तोंडून मिळाली.

आधी मजकूर पक्का करा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. आपल्या गल्ल्यांत दोन्ही घरं आहेत आणि चकली सगळ्यांनाच लागते. कन्नड बाजू मोबाईलवरून भाषांतर करून घेऊ नका, शेजारच्या अक्कांना घेऊन बसा. मी बसले तेव्हा त्यांनी चिवड्याचा चुडा केला, लाडवाची उंडी आणि करंजीची कर्जिकाई. बायका घरात बोलतात तेच शब्द कागदावर दिसले की पत्रक वाचलं जातं. दर किलोचा आणि अर्ध्या किलोचा, दोन्ही छापा. ‘माफक दर’ वाचून कुणी फोन करत नाही. पत्त्यात नुसता घर नंबर नको, देवळाची नाहीतर गिरणीची खूण हवी. ‘काकू, तुमचं घर सापडलं नाही वो,’ हे ऐकलं म्हणजे ऑर्डर गेलीच समजा.

मग प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना. एका वर्षी माझ्या नंबरातल्या ९ च्या जागी १ छापला गेला. दोन हजार पत्रकं वाटून झाली, फोन एक नाही. छापताना चुकलं खरं, पण प्रूफावर सही माझीच होती. आता मी प्रेसवाल्यालाच त्याच्या फोनवरून प्रूफावरचा नंबर लावायला सांगते. माझ्या पिशवीतला फोन वाजला की मगच सही करते.

चवीच्या पुड्यांवर मात्र सढळ हातानं खर्च करा, कारण हीच खरी जाहिरात. एका पुडीत दोन चकल्या आणि चिमूटभर चिवडा पुरे. पुडी सकाळी बांधायची आणि दुपारपर्यंत संपवायची. रात्री बांधून ठेवली तर चकली मऊ पडते, आणि मऊ चकली दिली तर न दिलेली बरी. वाटायची सगळ्यात चांगली जागा पिठाची गिरणी. मला आधी वाटायचं, भाजणी दळायला आलेली बाई घरी सगळं करणारी, ती कशाला विकत घेईल? पण किती खटपट असते ते तिलाच ठाऊक. चकली ती घरी करते आणि अनारसे, करंज्या बाहेरून आणते. माझी अर्धी अनारशाची गिऱ्हाईकं गिरणीच्या रांगेतली आहेत. गिरणीवाल्या मामांना आधी विचारा आणि त्यांच्या घरी एक मोठी पुडी द्या. त्यानंतर ब्लाउज शिवणाऱ्या ताई, मग ब्यूटी पार्लर.

विकायच्या पाकिटावर वजन, तारीख, हिरव्या ठिपक्याची शाकाहारी खूण आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक असू द्या. नोंदणी नसेल तर ती सगळ्यात आधी करा.

पेपरात पत्रकं घालायची तर गठ्ठे आदल्या संध्याकाळी एजंटाकडे पोचवा. पहाटे घड्या घालायच्या गडबडीत तुमचं कुणी ऐकणार नाही. टिळकवाडी, वडगाव, अनगोळ असे वेगळे गठ्ठे बांधा आणि कोपऱ्यात स्केचपेनानं ठिपका द्या: टिळकवाडीला लाल, वडगावला हिरवा, अनगोळला निळा. हजार पत्रकांना ठिपके देताना हात दुखतो, तरी द्या. फोन आला की विचारायचं, ‘पत्रक जवळ आहे का? ठिपका कुठला आहे बघा की.’ ऑर्डरवहीत एक रकाना ‘कुठून कळलं’ असा आखायचा. पहिल्या वर्षी माझा निळा ठिपका जवळपास रिकामाच राहिला. पुढच्या वर्षी ते पैसे मी पुड्यांत घातले.

दुकान असेल तर पाटीकडेही बघा. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, तेही वरच्या बाजूला. मराठी उरलेल्या जागेत ठळक आणि सुबक रंगवून घ्या. फ्लेक्सच्या नादी लागू नका. राज्यात त्याच्यावर २०१६ पासून बंदी आहे. कापडी फलक धुऊन पुढच्या वर्षीही चालतो. रस्त्यावर तो लावायचा तर आधी लेखी परवानगी काढा.

शेवटचं काम चिठ्ठ्यांचं. वसुबारसेपासून डबे जायला लागतात, तेव्हा लिहायला सवड नसते. म्हणून आताच छोट्या चिठ्ठ्या कापून ठेवा: संक्रांतीला तिळाच्या वड्या मिळतील, आणि खाली नंबर. डबा भरताना ती चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, तळाशी टाकली तर तेलकट होते.