खारी किती, नानकटाई किती?

खारीत किलोमागे १०० रुपये सुटतात, नानकटाईत ६०. मग नुसती खारीच का लावत नाही? पहिली दोन वर्षं मी तेच केलं. बारावी कॉमर्सच्या लेकीने आलेखाच्या कागदावर दाखवलं तेव्हा कळलं, रोजचे दीडएकशे रुपये भट्टीतच जळत होते.

आधी अडचणी लिहा, नफा नंतर. आमच्याकडे रोज ५० किलोचं पोतं फुटतं. त्यातला ३५ किलो मैदा पावाला जातो. वडापाववाल्यांची बांधलेली ऑर्डर, तिला हात लावायचा नाही. उरला १५ किलो. पाव निघाल्यावर भट्टी मिळते ६ तास, म्हणजे ३६० मिनिटं.

किलोभर नानकटाईला अर्धा किलो मैदा आणि भट्टीची १० मिनिटं लागतात. खारीला ७०० ग्रॅम आणि २० मिनिटं, कारण ती फुगून ट्रेमध्ये जागा खाते आणि घाईने काढली तर आतले पदर ओले राहतात. हे आकडे माझे. तुमचे काटा आणि घड्याळ लावूनच घ्या, अंदाजपंचे नकोत.

नानकटाई न किलो, खारी ख किलो धरा.

मैदा: ०.५न + ०.७ख ≤ १५
भट्टी: १०न + २०ख ≤ ३६०

न आणि ख शून्याखाली जात नाहीत, हे उघडच आहे.

आडव्या अक्षावर न, उभ्यावर ख. मैद्याची रेघ आडव्यावरच्या ३० पासून उभ्यावरच्या २१.४ पर्यंत, भट्टीची ३६ पासून १८ पर्यंत. दोन्ही रेघांखालचा भाग आपला. त्याचे फक्त कोपरे तपासा. नफ्याची रेघ, म्हणजे ६०न + १००ख = अमुक रुपये, हीही सरळच; ती वर सरकवत नेली की शेवटी कोपऱ्यालाच टेकते.

नुसती नानकटाई ३० किलो: १८०० रुपये. नुसती खारी १८ किलो: तेही १८००च, वर २.४ किलो मैदा पडून. रेघा छेदतात तिथे १६ किलो नानकटाई, १० किलो खारी: ९६० + १००० = १९६०.

दिवाळीत मात्र कागद नवा घ्यावा लागतो. गल्लीतल्या बायका घरून नानकटाई वळून भाजायला आणतात, त्यात भट्टीचे २ तास जातात. उरली २४० मिनिटं. भट्टीची रेघ इतकी खाली येते की मैद्याची अडचणच राहत नाही. आता नुसती खारी १२ किलो, १२०० रुपये. नुसती नानकटाई २४ किलो, १४४०. म्हणजे खारी बंद, आणि १९६० तून १४४० गेले की ५२०. त्या २ तासांची भाजणावळ याच्या खाली परवडत नाही. मी ३०० घेत होतो.