डबल मार्करचा रिपोर्ट येईपर्यंत

डबल मार्कर म्हणजे बाळात डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याचा धोका किती, हे सांगणारी गरोदरपणातली रक्ततपासणी. रक्त द्यायच्या दिवशीच लॅबमध्ये तीन गोष्टी विचारून घ्या: रिपोर्ट कोणत्या दिवशी येणार, फोन कोण करणार आणि कोणत्या नंबरवर. फॉर्मवर सहसा नवऱ्याचा नंबर जातो. तुमचाही लिहायला सांगा. जत, आटपाडीहून सांगली-मिरजेला येणाऱ्या बाईचा एक हेलपाटा तेवढ्याने वाचतो.

डबल मार्कर ११ ते १३ आठवडे ६ दिवसांत, एन.टी. सोनोग्राफीसोबत (बाळाच्या मानेमागचा द्रव मोजणारी) होते. फॉर्मवरचं वय, त्या दिवशीचं वजन, सोनोग्राफीची तारीख, जुळं, मधुमेह, टेस्ट ट्यूब हे सगळं स्वतः वाचून बघा. वजन अंदाजाने लिहिलं तर धोक्याचा आकडा चुकतो, आणि मग विनाकारण काळजी मागे लागते.

वाट बघताना सगळ्या भावकीला सांगायची गरज नाही. रोज दहाजणी 'आला का गं रिपोर्ट?' विचारतात, त्याचाच ताण जास्त होतो. नवरा आणि आई, एवढं पुरे.

'हाय रिस्क' म्हणजे निदान नव्हे. १:२०० याचा अर्थ अशा २०० गरोदरपणांत साधारण एकात दोष असतो, १९९ मध्ये नसतो. त्याच दिवशी डॉक्टरांना पुढची तपासणी विचारा. एन.आय.पी.टी. (आईच्या रक्तातून बाळाच्या डी.एन.ए.ची तपासणी) हीसुद्धा चाळणीच आहे, निदान नव्हे. खात्री गर्भजल तपासणीने होते. ती १५ आठवड्यांनंतर करतात आणि तिचा पूर्ण गुणसूत्र अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून पहिला रिपोर्ट कपाटात ठेवून देऊ नका. मुलगा-मुलगी मात्र कुणालाही विचारू नका. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.