कंपनीची स्वतःची छोटी लिंक: ३०१ नको, ३०२ द्या

छोटी लिंक म्हणजे लांबलचक पत्त्याऐवजी द्यायचा आखूड पत्ता; ती उघडली की तुमचा सर्व्हर माणसाला मूळ पानावर पाठवतो. त्यासाठी छोटं डोमेन घ्या आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक टेबल करा: कोड (डोमेननंतर येणारी अक्षरं), मूळ पत्ता, कोणी बनवली, कधी. सुरुवातीला एवढं पुरतं.

कोड सहा अक्षरी ठेवा, पण शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि छोटा एल गाळा. आमच्या पंपांच्या पत्रकावर शून्य छापलं होतं; डीलर ते ओ समजून टाइप करत बसले आणि दिवसभर मला फोन. इंग्रजी छोटी-मोठी अक्षरं आणि आकडे मिळून उरलेल्या ५८ चिन्हांतून सुमारे ३,८०० कोटी कोड निघतात.

रीडायरेक्ट, म्हणजे मूळ पत्त्याकडे पाठवणारं सर्व्हरचं उत्तर, ३०२च (तात्पुरतं) द्या. ३०१ (कायमचं) ब्राउझर लक्षात ठेवतो, दुसऱ्यांदा तुमच्या सर्व्हरकडे फिरकतही नाही. मग क्लिक मोजणार कुठून? उद्या मूळ पत्ता बदललात तरी जुन्या ग्राहकाला जुनंच पान दिसत राहील.

आधी माणसाला पुढे पाठवा, क्लिकची नोंद मागून होऊ द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की प्रीव्ह्यूसाठीही मागणी येते. यूजर एजंट (मागणीसोबत येणारी ब्राउझरची किंवा अ‍ॅपची ओळख) पाहून ती वेगळी काढा, नाहीतर आकडे फुगतात आणि पुढचा खर्च त्यावरच ठरतो. आयपीचा (ग्राहकाच्या इंटरनेट पत्त्याचा) शेवटचा भाग पुसूनच साठवा; ग्राहकाचा माग काढणं हे आपलं काम नव्हे.

लिंक बनवायचा हक्क फक्त कंपनीच्या लॉगिनला. खुलं ठेवलंत, तर फसवणूक करणारे तुमचंच डोमेन वापरतील.