पहिला गेम करताय? आधी चौकोन पळवा

माझ्या पहिल्या गेमची सुरुवात मी चित्रांपासून केली, तिथेच चुकलो. रावेरच्या केळीच्या बागा, तापीवरचा पूल, घडांनी भरलेला ट्रक. महिनाभर रंगवत बसलो आणि ट्रक काही जागचा हलेना. शेवटी ट्रकच्या जागी निळा चौकोन ठेवला, खड्ड्यांच्या जागी काळे. दोन संध्याकाळींत खेळता येण्यासारखं काहीतरी उभं राहिलं! १९७२ सालच्या 'पाँग' या गेममध्ये तरी काय होतं? दोन पट्ट्या आणि एक चेंडू.

गोडॉट हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, सुरुवातीला तेच घ्या.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी शिका. फ्रेम म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारं प्रत्येक चित्र, आणि पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. 'दर फ्रेमला ५ पिक्सेल सरक' असं लिहिलं, तर सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या मशीनवर वस्तू ३०० पिक्सेल जाते, ३० फ्रेमवाल्यावर १५०च. जळगावच्या मित्राच्या जुन्या संगणकावर माझा ट्रक निम्म्या वेगाने चालला तेव्हा हे कळलं. म्हणून वेग सेकंदाच्या हिशेबात लिहा आणि त्याला डेल्टाने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, गुणा.

मग गेम घरातल्या एखाद्या पोराच्या हातात द्या आणि गप्प बसा. कुठलं बटण दाबायचं हे सांगायचा फार मोह होतो, पण आवरा. माझा भाचा तिसऱ्या खड्ड्यापाशी सारखा अडकत होता. ती जागा वहीत टिपली आणि त्याच रात्री खड्डा थोडा पुढे सरकवला.

आणि रोज संगणकासमोरून उठण्याआधी गेमच्या फोल्डरची तारीख घालून एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. आपल्याकडे वीज सांगून जात नाही.