टक्केवारीची गणितं सोडवायची कशी: आधी ‘कशाचे टक्के’ ते लिहा

बँक भरतीची प्रिलिम, म्हणजे पहिली चाळणी परीक्षा, मी चारदा दिलीये, केंद्र सरकारी नोकरीची सीजीएल दोनदा, एमबीएची सीईटी एकदा, आणि आता आमच्या लालबागच्या अभ्यासिकेत रविवारी सकाळी पाचसहा पोरं वह्या घेऊन बसतात त्यांचं क्वांट, म्हणजे परीक्षेतलं गणित, मी बघतो. त्यातला प्रत्येक जण पहिल्या दिवशी एकच विचारतो, दादा शॉर्टकट सांग ना. मोबाईलमध्ये शंभर ट्रिक्सचे व्हिडिओ, दादरला स्टेशनबाहेरून उचललेलं पुस्तक, आणि टक्केवारीचा साधा प्रश्न दिला की उत्तर चुकतं. गणित येत नाही म्हणून चुकत नाही हो, गुणाकार बरोबर असतो, भागाकार बरोबर असतो, फक्त भलत्याच आकड्याचे टक्के काढलेले असतात. म्हणून खाली बाकीच्या पायऱ्या मी पटापट सांगणार आहे आणि तिसऱ्या पायरीवर बसून राहणार आहे, कारण माझी दोन वर्षं तिथेच गेली.

पाढे 25 पर्यंत आणि वर्ग 30 पर्यंत पाठ आहेत असं धरतो. नसतील तर आधी ते करा, मग या.

पहिली पायरी, टक्के अपूर्णांकात पाठ करा. 12.5 म्हणजे एक अष्टमांश, 16.67 म्हणजे एक षष्ठांश, 14.28 एक सप्तमांश, 11.11 एक नवमांश, 8.33 एक बारांश, एवढे तरी. 648 चे 37.5 टक्के काढायला रफवर गुणाकार मांडणारा माणूस मला बघवत नाही, तीन अष्टमांश आहे ते, 81 त्रिक 243, संपलं. माझे आजोबा गिरणीत होते, शाळा चौथीपर्यंत, पण पावकी निमकी पाऊणकी सवायकी दिडकी सगळं तोंडावर. सवायकी म्हणजे काय, 25 टक्के वाढच की. आणि सवायकीचं उलटं केलं की चार पंचमांश, म्हणून साखर 25 टक्क्यांनी महागली आणि खर्च तेवढाच ठेवायचा असेल तर वापर 20 टक्क्यांनी कमी करायचा, 25 नी नाही. हा प्रश्न जवळपास प्रत्येक सराव संचात असतो आणि आजोबांना तो क्लास न लावता आला असता.

दुसरी पायरी, प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचा. काय विचारलंय ते कळल्याशिवाय वरचे आकडे बघू नका. बस.

आता तिसरी. पेन कागदाला लावायच्या आधी ‘कशाचे टक्के’ ते लिहायचं. मनात नाही, कागदावर. प्रश्नात टक्के हा शब्द तीनदा आला तर तीनदा लिहायचं.

माझं काय झालं ते सांगतो. दुसऱ्या वेळेला प्रिलिमला कटऑफ दीड मार्काने गेला. तेव्हा मी एका क्लासला जायचो, तिथले सर फळ्यावर सूत्रं भरभरून लिहायचे आणि आम्ही उतरवायचो, वहीत सूत्रं दोनशेच्या वर झाली होती. निकालानंतर रागाने मी सगळ्या मॉक टेस्ट परत काढल्या आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न नवीन वहीत लिहून पुढे चुकायचं कारण लिहिलं. चौथ्या पानानंतर कारण लिहायचाच कंटाळा आला कारण निम्म्याहून जास्त ठिकाणी तेच, टक्के चुकीच्या आकड्यावर काढले. सूत्र एकदाही चुकलं नव्हतं.

त्या वहीतला एक प्रश्न अजून लक्षात आहे, आणि मी प्रत्येक नवीन पोराला हाच देतो. निवडणुकीत दोन उमेदवार. यादीतल्या 10 टक्के मतदारांनी मतदान केलं नाही. झालेल्या मतदानाच्या 10 टक्के मतं बाद. विजयी उमेदवाराला वैध मतांच्या 60 टक्के मतं मिळाली आणि तो 1620 मतांनी जिंकला. यादीत एकूण मतदार किती?

मी काय केलं होतं, 100 मधून 10 गेले, अजून 10 गेले, राहिले 80. 60 आणि 40 मधला फरक 20, म्हणजे 80 चे 20 टक्के 16. 16 म्हणजे 1620 तर 100 म्हणजे 10,125. आणि पर्यायांत 10,125 होतं! मी एकदम खूश. पेपर काढणाऱ्याला माझ्यासारखे लोक माहिती असतात, आपली चूक तो आधीच करून बघतो आणि तिचं उत्तर पर्याय म्हणून ठेवतो. म्हणून ‘माझं उत्तर पर्यायात आहे म्हणजे बरोबर’ हे डोक्यातून काढा.

आता नीट. पहिले 10 टक्के कशाचे? यादीचे. यादी 100, मतदान 90. दुसरे 10 टक्के कशाचे? झालेल्या मतदानाचे, म्हणजे 90 चे, म्हणजे 9. वैध राहिली 81. 60 टक्के कशाचे? 81 चे. फरक 20 टक्के, तोही 81 चाच, 16.2. तेवढे म्हणजे 1620, तर यादी 10,000. तीन टक्के, तीन वेगळे पाये (ज्या आकड्याचे टक्के काढायचे तो पाया), आणि मी दुसरे 10 टक्केही यादीच्याच 100 वर काढले होते.

इथेच पोरं म्हणतात, कळलं दादा. मग मी एकच गोष्ट बदलतो, विजयी उमेदवाराला ‘यादीतल्या एकूण मतदारांच्या 54 टक्के’ मतं मिळाली, बाकी प्रश्न तोच. परत 81 चे 54 टक्के काढायला सुरुवात. अरे, आता यादीच्या म्हटलंय ना! 100 पैकी 54 याला, 81 मधले उरलेले 27 त्याला, फरक 27, म्हणजे 1620 ला यादी 6,000. गोष्ट तीच, उत्तर चार हजाराने हललं.

पाया ओळखायचा कसा? मराठीत प्रश्न असेल, पोलीस भरतीला वगैरे असतो, तर ज्या शब्दाला ‘च्या’ किंवा ‘पेक्षा’ चिकटलंय तो पाया. वैध मतांच्या 60 टक्के, पाया वैध मतं. अ चा पगार ब पेक्षा 25 टक्क्यांनी जास्त, पाया ब, आता ब ला 100 द्या, अ ला नाही. हे असं मराठीत मस्त दिसतं. बँकेला आणि सीईटीला प्रश्न इंग्रजीत असला की तिथे शब्दांचा क्रम उलटा होतो, पाया ‘ऑफ’ आणि ‘दॅन’ च्या पुढे येऊन बसतो. आपली मराठी मीडियमची पोरं इथे अडखळतात कारण ती वाक्य मनात मराठीत करतात आणि करताना नाव इकडचं तिकडे होतं. त्यामुळे भाषांतर करू नका, ऑफ किंवा दॅन दिसला की पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर रफवर लिहा आणि त्याला 100 म्हणा.

मग येतात न सांगितलेले पाये. नफा आणि तोटा, काही म्हटलं नसेल तर खरेदी किमतीवर. सूट छापील किमतीवर. दुकानदाराने किंमत 40 टक्के वाढवून छापली आणि 25 टक्के सूट दिली तर नफा 15 नाही हो, 100 चे 140 झाले, 25 टक्के 140 चे गेले म्हणजे 35, राहिले 105, नफा 5. आणि कधी मुद्दाम लिहितात ‘विक्री किमतीवर 20 टक्के नफा’. मग विक्री 100, नफा 20, खरेदी 80, आणि नेहमीच्या भाषेत तो 25 टक्के नफा झाला. ‘विक्री किमतीवर’ हे दोन शब्द डोळ्यांखालून सटकतात, मी तर पेन्सिलीने गोल करायचो, आता स्क्रीनवर गोल करता येत नाही म्हणून रफवर लिहा.

दोन घड्याळांचं गणित माहितीच असेल. दोन्ही 1200 ला विकली, एकावर 20 टक्के नफा, दुसऱ्यावर 20 टक्के तोटा. माझा भाऊ, कॉमर्सवाला, छातीठोकपणे म्हणाला ना नफा ना तोटा. नफ्याचे 20 टक्के 1000 चे आहेत, तोट्याचे 1500 चे. 2500 घातले, 2400 आले, 100 चा तोटा, म्हणजे 4 टक्के. यासाठी ट्रिक आहे, 20 चा वर्ग भागिले 100, पण ट्रिक तेव्हाच लावा जेव्हा ती का चालते ते कळलंय, नाहीतर प्रश्नात खरेदी किंमत सारखी दिली की तुम्ही तिथेही 4 लिहिणार. तिथे उत्तर खरंच ना नफा ना तोटा आहे.

सगळ्यात खोडसाळ प्रकार म्हणजे पाया मध्येच बदलतो तो. 40 लिटर दुधात 10 टक्के पाणी आहे, अजून किती पाणी ओतलं की पाणी 20 टक्के होईल? दहामधले नऊ जण 4 म्हणतात, अजून 10 टक्के म्हणजे 40 चे 4. पण पाणी ओतलं की भांड्यातलं 40 राहिलंच कुठे? अशा वेळी मी पोरांना म्हणतो, जे हलत नाही ते पकडा. भैयाने पाणी कितीही ओतलं तरी दूध 36 लिटरच आहे. आधी ते 90 टक्के होतं, आता 80 टक्के झालं पाहिजे. 36 म्हणजे 80 टक्के तर पूर्ण 45. म्हणजे 5 लिटर. एक्स मांडायचा नाही, समीकरण नाही, आणि ही पद्धत सुकलेल्या द्राक्षांपासून मिठाच्या पाण्यापर्यंत सगळीकडे चालते.

तक्त्यांचे प्रश्न, डेटा इंटरप्रिटेशन, त्यातही हेच. हिस्सा 30 टक्क्यांवरून 36 टक्के झाला तर ‘किती टक्क्यांनी वाढला’ याचं उत्तर 20, सहा नाही, कारण वाढ 30 वर मोजायची.

हे लिहायला वेळ जातो अशी तक्रार येते. पहिला आठवडा जातो. बँकेच्या बहुतेक प्रिलिमला क्वांटचे 20 मिनिटांत 35 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला 34 सेकंद, त्यात लिहायचं कधी? मी घड्याळ लावून बघितलंय, एक अक्षर आणि 100 लिहायला दोन सेकंद लागतात, आणि चुकलेलं गणित परत पहिल्यापासून करायला मिनिट. महिनाभर न चुकता लिहा, मग हात आपोआप लिहितो. ट्रेनमध्ये उभ्याउभ्या सराव करणार असाल तर गणित सोडवूच नका, फक्त प्रश्न वाचा आणि पाया सांगा. परळ ते ठाणे येईपर्यंत वीस प्रश्न होतात.

चौथी पायरी, बाकीचे धडे. काळ-कामाला लसावि घ्या, एकाला 12 दिवस दुसऱ्याला 18, काम 36 धरा, रोज 3 आणि 2, मिळून 5, उत्तर 7.2 दिवस. आगगाडीला ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायला 5/18 ने गुणा, खांब ओलांडताना फक्त गाडीची लांबी, प्लॅटफॉर्म ओलांडताना दोन्हींची बेरीज. सरासरी वेग म्हणजे दोन वेगांची सरासरी नव्हे, एकूण अंतर भागिले एकूण वेळ. चर्चगेट ते विरार 60 किलोमीटर धरा, जाताना 60 च्या वेगाने आणि येताना 30 च्या, तर 120 किलोमीटरला तीन तास, सरासरी 40, 45 नाही. (लोकलला हा वेग मिळत नाही ते मलाही माहितीये, पेपर काढणारा बोरिवलीला दारात लटकलेला नसतो.)

पाचवी, आकडे गोल करा. आधी पर्याय बघा, त्यात 25, 30, 35, 40 असं अंतर असेल तर 5012 पैकी 1487 म्हणजे 5000 पैकी 1500, 30 टक्के, पुढे चला. पर्याय जवळजवळ असतील तरच पूर्ण भागाकार.

सहावी पायरी, हॉलमधली. वीस सेकंदांत पाया दिसला नाही तर प्रश्न सोडा, इगो घरी ठेवा. आणि कुठल्या परीक्षेला बसलाय ते लक्षात ठेवा. बँकेला चुकलं की पाव हिस्सा कापतात, सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात दोन मार्कांच्या प्रश्नाला अर्धा मार्क जातो, तिथे तुक्का नको. एमबीएच्या सीईटीला 150 मिनिटांत 200 प्रश्न, क्वांटचे 50, पर्याय पाच, आणि निगेटिव्ह नाही. माझ्या सीईटीला मी एका घनाच्या प्रश्नाला चिकटून बसलो, वर बघितलं तर स्क्रीनवर शेवटची काही सेकंदं, आणि अकरा प्रश्न कोरे राहिले, जिथे डोळे मिटून एकच पर्याय दाबला असता तरी दोनेक मार्क आले असते. शेवटची तीन मिनिटं उरली की हातातलं गणित तिथेच टाका आणि कोऱ्या प्रश्नांवर सरळ तिसरा पर्याय मारत सुटा.