‘एस्च्यू’ कुठे वापरावं आणि कुठे ‘अव्हॉइड’वर भागवावं

इंग्रजी अग्रलेखांत ‘एस्च्यू’ (eschew) हे क्रियापद हमखास भेटतं, स्पर्धा परीक्षांच्या पेपरात त्याचा समानार्थी शब्द विचारला जातो आणि शब्दकोश उघडावा तर समोर ‘टाळणे’. तेवढ्यावर विसंबून लिहायला बसलं की घोटाळा होतो. मराठीत आपण अपघात टाळतो, नको असलेला पाहुणा टाळतो आणि गोडही टाळतो. इंग्रजीत या तिन्हींना ‘अव्हॉइड’ चालतं. ‘एस्च्यू’ चाललंच तर तिसऱ्याला, आणि तेही अटीवर.

पहिली पायरी: ‘टाळणे’ विसरा, ‘वर्ज्य करणे’ धरा. आजी चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. बाजारात मिळत नाही म्हणून नव्हे की पोट बिघडतं म्हणूनही नव्हे. तिचा तो नेमच आहे. ‘आजी एस्च्यूज अनियन अँड गार्लिक ड्युरिंग चातुर्मास’ हे वाक्य चपखल बसतं. त्याच आजीला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तर मात्र ‘शी अव्हॉइड्स सॉल्ट’. रस्त्यातला खड्डा, संध्याकाळचं ट्रॅफिक, उधारी मागणारा शेजारी यांच्यासाठीही ‘अव्हॉइड’च. ‘एस्च्यू’ला तीन गोष्टी लागतात: जे सोडायचं ते हाताशी असावं, सोडणं जाणूनबुजून असावं आणि त्यामागे तत्त्व, नेम किंवा निदान पक्की आवड-निवड असावी.

शब्दाला हा सोवळेपणा जुन्या काळापासून चिकटलेला आहे. 14व्या शतकाच्या सुमारास तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये ईयोब नावाच्या सज्जनाची ओळखच अशी करून दिली आहे की तो देवाला भिऊन वागणारा आणि ‘ईव्हल’ एस्च्यू करणारा होता. आजही ‘व्हायोलन्स’, ‘लक्झरी’, ‘पब्लिसिटी’ हेच या क्रियापदाचे नेहमीचे सोबती आहेत.

दुसरी पायरी: उच्चार. स्पेलिंगमध्ये मधोमध ‘एस-सी-एच’ आहे, पण ते फोडून वाचायचं: ‘इस्-च्यू’, जोर दुसऱ्या भागावर. मराठी माणसाला इथे एक खास अडचण येते. आपला ‘च’ दोन प्रकारचा असतो आणि पुढे उकार आला की जीभ सवयीने ‘चूल’, ‘चूक’मधल्या ‘च’कडे जाते. इथे हवा आहे तो ‘चहा’, ‘चिमणी’मधला. काही शब्दकोश ‘एशू’ हा उच्चारही देतात. पण तसं म्हटलं तर ऐकणाऱ्याला ‘इश्यू’ ऐकू येण्याची शक्यता जास्त.

तिसरी पायरी: वाक्यात बसवणं. चुका सर्वांत जास्त इथेच होतात. या क्रियापदाला थेट कर्म लागतं, मध्ये ‘फ्रॉम’ येत नाही. मराठीत आपण एखाद्या गोष्टी‘पासून’ दूर राहतो, शिवाय इंग्रजीत ‘अब्स्टेन’ आणि ‘रिफ्रेन’ यांना ‘फ्रॉम’ लागतं, म्हणून हात आपोआप तिकडे वळतो. ‘ही एस्च्यूज फ्रॉम अल्कोहोल’ चूक, ‘ही एस्च्यूज अल्कोहोल’ बरोबर. पुढे क्रिया आली तर तिचं ‘आयएनजी’ रूप घ्यायचं. ‘टू’ लावून ‘एस्च्यू टू ड्रिंक’ कधीच होत नाही.

एक सोडून दुसरं धरलं हे सांगायचं असेल तर ‘इन फेवर ऑफ’ जोडा. गांधीजींनी 1921 मध्ये सदरा-टोपी सोडून पंचा पत्करला, ते असं लिहिता येईल: ‘गांधी एस्च्यूड द शर्ट अँड कॅप इन फेवर ऑफ अ लॉइनक्लॉथ.’ या क्रियापदाचा सगळा रुबाब या रचनेत दिसतो.

चौथी पायरी: भाऊबंद वेगळे काढा. ‘शन’ बहुधा माणसांबाबत येतं; वाळीत टाकणं, तोंड न बघणं. ‘शर्क’ म्हणजे कामात अंग चोरणं. ‘इव्हेड’ म्हणजे हुलकावणी देणं, मग ती पोलिसांना असो, प्रश्नाला असो वा कराला. कराच्या बाबतीत तर फरक खिशाला भिडतो: कायद्याच्या चौकटीत राहून कर वाचवणं ते ‘टॅक्स अव्हॉइडन्स’, उत्पन्न लपवणं ते ‘टॅक्स इव्हेजन’, आणि दुसऱ्यात गुन्हा आहे. ‘फोरगो’ म्हणजे आपल्याला मिळू शकणारी, हवीशी गोष्ट सोडून देणं. 2015 च्या मोहिमेत ज्यांनी गॅसची सबसिडी सोडली त्यांनी ती ‘फोरगो’ केली.

पाचवी पायरी: जागा बघा. निबंध, अग्रलेख, औपचारिक भाषण इथे शब्द शोभतो. व्हॉट्सॲपवर ‘आय एस्च्यू टी आफ्टर सिक्स’ लिहिलंत तर लोक हसतील, आणि माझ्या मते हसावंच. तिथे ‘आय डोंट हॅव टी आफ्टर सिक्स’ पुरे.

आता सोसायटीच्या फलकावर शोभेल अशी एक सूचना घ्या: ‘मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू एस्च्यू फ्रॉम पार्किंग निअर द गेट.’ ‘फ्रॉम’ काढून व्याकरण सुधारेल, पण गेटपाशी गाडी न लावणं हे काही कुणाचं व्रत नाही. म्हणून क्रियापदच बदला आणि ‘फ्रॉम’ राहू द्या: ‘रिफ्रेन फ्रॉम पार्किंग’. नाहीतर सरळ ‘नो पार्किंग’ लिहा, गाडीवाल्यांना तेवढंच कळतं.